अकोल्याचा डबा

अमरावती
१० नोव्हेंबर २०२५

रागिणी,

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते. पत्ता तुमच्या कोचिंग क्लासच्या पत्रकावर सापडला. ‘जीवशास्त्र : रागिणी मॅडम’ असं वाचून आधी हसू आलं, मग आलं नाही.

हे पत्र माफीचं नाही, कामाचं आहे. माफीचं लिहायला बसले की मी स्वतःबद्दलच लिहीत बसेन. उद्या हे कागद कुणाच्याही हाती पडले तरी कळावेत, म्हणून तुला माहीत असलेलंही लिहिते.

डोमाजी गुरुवारी भाचीच्या साक्षगंधाला गेले होते. इतकी वर्षं आपल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अटेंडंट, पण रजा घेतली की आपला दिवस लंगडतो. म्हणून अकोल्याचा डबा आणायला बसस्टँडवर मी गेले. मेपासून रुग्णांचं रक्त त्या बसने येतं, आणि सहा महिन्यांत मी एकदाही गेले नव्हते. बस आली. मी डिकीकडे वळले, तर कंडक्टर पुढच्या दारातून थर्माकोलचा डबा दोन्ही हातांवर घेऊन उतरले. नत्थुजी नाव त्यांचं. मोठ्या अभिमानाने म्हणाले, “डिकीत नाही ठेवत मी, म्याडम. कॅन्सरवाल्याईचं रक्त हाय न ते! डायवरच्या बाजूले, इंजिनच्या झाकनावर ठेवतो. कोनाचा धक्का नाही का पाय नाही. सहा महिन्यापासून एक शिशी फुटू नाही देल्ली.”

डब्याचं बूड हाताला गरम लागलं. आत बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं. मूर्तिजापूर, बडनेरा करत अडीच तास ते रक्त इंजिनवर शेकत आलं होतं. आणि तो माणूस माझ्या शाबासकीची वाट पाहत उभा होता. मी त्यांना “धन्यवाद” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सहा महिन्यांत त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मेपर्यंत हे नमुने अकोल्याच्या शेखर डॉक्टरांच्या गाडीतून यायचे, तेव्हा कंट्रोल, म्हणजे रक्त शाबूत असल्याची खूण, नीट दिसायचं. डबा बसने यायला लागला आणि अकोल्याच्या नमुन्यांत कंट्रोल थोडं कमी दिसायला लागलं. तू जूनमध्येच म्हणाली होतीस की यात काहीतरी गडबड आहे.

आपल्या सहा रुग्णांची गोळी आपण मेमध्ये थांबवली. रक्ताचा हा कॅन्सर हळू चालणारा, वर्षानुवर्षं रोज एक गोळी घेऊन त्यांनी तो दाबून ठेवलेला. गोळी बंद केल्यावर शरीराच्या राखणदार पेशी एकट्याने त्याला थोपवतात का, हा आपला अभ्यास. दर महिन्याला रक्त तपासायचं, आजार पुन्हा दिसला की लगेच गोळी सुरू. आपण दर महिन्याला ‘आढळला नाही’ असं लिहून दिलं. शेकलेल्या रक्तावरून लिहून दिलं.

आता काम. जुलैमध्ये त्या सहांपैकी पार्बताबाईंचा नमुना तू एकटीने पुन्हा चालवला होतास. तीन नळ्यांपैकी एकीत पुसट काहीतरी दिसलं होतं. तेव्हा त्याला ‘रागिणीच्या हाताची घाण’ म्हणून निकालात काढलं. त्या दिवसाची नोंद तुझ्या वहीत असेल. मला ते पान हवं आहे.

प्रियदर्शनी


अमरावती
१८ नोव्हेंबर २०२५

रागिणी,

पानाची झेरॉक्स मिळाली. सोबत एक शब्दही नाही, तरी पाकीट तीनदा झटकून पाहिलं. तुझं अक्षर अजून तसंच, मुंग्या रांगेत चालल्यासारखं.

त्या पानावर तू लिहिलं आहेस : ‘कंट्रोल ३१००. नमुना बाद. पुन्हा रक्त मागवा. एका नळीत उशिरा संकेत, दुर्लक्ष करू नये.’ खाली तारीख आणि सही. हे वाचल्यावर माझ्या पहिल्या पत्रातलं ‘थोडं कमी’ मला डोळ्यांसमोर नको झालं.

थोडं नव्हतं. खरं लिहिते.

कंट्रोल म्हणजे प्रत्येक माणसात असतंच असं जनुक. ते चांगलं दिसलं तरच आजार ‘नाही’ म्हणायचा आपल्याला हक्क. दहा हजारांच्या खाली गेलं की नमुना फेकायचा, हे आपल्या भिंतीवर लावलेलं आहे आणि लावणारी मीच. जूनमध्ये सहाच्या सहा नमुने खाली गेले. तू म्हणालीस, “रक्त परत मागवू.” मी म्हटलं, लोक दर्यापूरकडून, मूर्तिजापूरकडून मजुरी बुडवून येतात, पुन्हा कसं बोलवायचं? ऐकायला किती दयाळू वाटतं! त्या दिवशी दुपारी मी तक्त्यातली दहा हजारांची अट काढून तिथे एक हजार टाकले. सगळे नमुने पास झाले. कुणी विचारलं नाही, कारण तक्ता भरणारी मी आणि तपासणारीही मीच.

जुलैत तू ओरडलीस. पुरावा दाखवलास. मी गावंडे सरांसमोर म्हणाले की रागिणी नाकाने कांदे सोलते, तिच्यामुळे काम पुढे सरकत नाही. मग तुला इथून काढायला ते पत्र तयार झालं, ‘सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही’ असं. त्यावर पहिली सही माझी आहे. तू ते पत्र पाहिलं होतंस की नाही, मला माहीत नाही. आता माहीत असू दे.

शुक्रवारी गावंडे सरांकडे गेले. तीस वर्षं रक्ताच्या अभ्यासात घालवलेला माणूस, माझा मार्गदर्शक, मला पोरीसारखं वागवणारा. तुझं पान टेबलावर ठेवलं आणि अट बदलल्याचं सांगितलं. त्यांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, “प्रियदर्शनी, शोधनिबंध छापून आला आहे. हळूच नमुने पुन्हा घेऊ, आपल्यातच मिटवू.” मी म्हटलं, “सर, मिटवायला ती आपली भांडणं नाहीत. ते लोक बिनगोळीचे फिरत आहेत.” मला असं बोलता येतं हे मलाच नवीन. सर चष्मा पुसत राहिले. मग त्यांनीच शेखर डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. दवाखान्यातली ती सगळी माणसं शेखर डॉक्टरांच्या भरवशावर आली होती. ते एवढंच म्हणाले, “उद्याच बोलवतो.”

शनिवारी विद्यापीठाची जीप घेऊन अकोल्याला गेले. सहांपैकी पाच जण आले. प्रत्येकाला समोर बसवून सांगितलं की चूक आमच्याकडून झाली, आधीचे रिपोर्ट धरू नका. एक गुरुजी एवढे चिडले की हातातली फाईल आपटली. त्यांचं चुकलं नाही. तरी रक्त दिलं. डबा जीपमध्ये माझ्या पायांशी होता, बर्फ शाबूत होता. काल निकाल आले : कंट्रोल चाळीस हजारांच्या वर, पाचही जण स्वच्छ. राखणदार पेशी काम करत आहेत. एरवी मी नाचले असते.

सहाव्या पार्बताबाई. आल्या नाहीत. फोन बंद. तुला दिसलेला तो पुसट संकेत त्यांच्याच रक्तातला.

उद्या मी त्यांच्या गावाला जाते आहे.

प्रियदर्शनी


अमरावती
२१ नोव्हेंबर २०२५

रागिणी,

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे. आता तुझ्याकडे मागते ते कागदाचं नाही.

दर्यापूरपर्यंत बसने, पुढे शेअर जीपमध्ये चौदा जणांत पंधरावी होऊन गेले. पार्बताबाई शेतात कापूस वेचत होत्या. मुलगी सीमाही होती, माहेरपणाला आलेली. तब्येत वरून चांगली दिसते. एवढंच की चार ओळी वेचल्या की बसतात. सीमा म्हणाली, “महिन्यापासून लय थकून राहिली माय. मी म्हन्लं डॉक्टरले दाखव, तं ऐकतच नाही.”

मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून सगळं सांगितलं. बस, इंजिन, आमचा तक्ता, सगळं. पार्बताबाईंचा हात कापसावरून थांबला नाही. शेवटी म्हणाल्या, “सहा महिने तुमीच सांगतलं, काही नाही म्हून. आता तुमीच सांगता, आसन म्हून. मी कोनतं खरं धरू?”

मी म्हटलं, “मावशी, रक्त पुन्हा पाहू. तेच खरं.”

“आन निघालं त?”

“तर गोळी पुन्हा सुरू करू. वेळेवर सुरू केली की बहुतेकांचा आजार पुन्हा दबतो.”

त्यावर त्या एकदम भडकल्या. “गावाले रोडगे खाऊ घातले मी! दोनशे मानूस जेवलं वावरात. पार्बतीची गोळी सुटली, पार्बती बरी झाली म्हून देवाले नारळ फोडला. आता कोनत्या तोंडानं सांगू, का तसं काही नव्हतं म्हून?”

ते जेवण आपणही जेवलो होतो, रागिणी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरचे रोडगे, वांग्याची भाजी. गोळी थांबली म्हणजे बरं झालं, असं नसतं हे आपल्याला माहीत होतं. गोळी थांबवून आपण फक्त वाट पाहत होतो. ताटावर बसून हे सांगायचं जिवावर आलं, म्हणून आपण दोघींनी वाढून घेतलं आणि गप्प बसलो. त्या एका गप्पपणात तुझाही वाटा आहे. बाकीचा सगळा माझा.

मग पार्बताबाईंनी ते विचारलं, ज्याची मला भीती होती. “तुमच्यापैकी कोनाले पयलेच समजलं होतं का?”

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, “एकीला. रागिणीला. ती म्हणत होती रक्त पुन्हा घ्या.”

“मंग ती काहून नाही आली?”

“ती आता आमच्याकडे नाही. आम्ही तिला घालवलं.”

पार्बताबाईंनी हातातला कापूस कमरेच्या ओट्यात टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, “जिनं खरं सांगतलं तिले घालवलं, आन जिनं नाही सांगतलं ते माह्या वावरात आली! जाय माय तू. त्या पोरीले पाठव. तिले देईन मी रक्त. तुले नाही देत.”

सीमाने समजावलं, मी पाया पडले, काही झालं नाही. पुन्हा वेचायला लागल्या.

परतीच्या जीपमध्ये मला रडू आलं. शेजारची बाई म्हणाली, “कोनी गेलं का?” मी म्हटलं, “नाही, अजून नाही.” मग मलाच माझ्या बोलण्याचा राग आला आणि रडणं थांबलं.

सीमा सोमवारी, एक डिसेंबरला, त्यांना घेऊन अकोल्याला येणार आहे, मंगळवारी तिच्या सासरी काही कार्यक्रम आहे. दवाखान्याचं नाव काढू नको या अटीवर पार्बताबाई तयार झाल्या. सीमाचं घर तुझ्या क्लासपासून दोन चौक पुढे आहे, पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. रक्त काढायला शेखर डॉक्टरांचा माणूस येईल. तू फक्त जाऊन बस आणि त्यांच्याशी बोल. माझी बाजू घेऊ नकोस. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, त्यांच्यासमोर दे.

तू नाही म्हणालीस तर मी समजेन, पण थांबणार नाही. मी पुन्हा त्या धुऱ्यावर जाऊन बसेन. रोज बसेन. त्यांनी हाकललं तर दुसऱ्या धुऱ्यावर बसेन. पण माझ्या बसण्यात दिवस जातील, आणि त्यांचे दिवस मी आधीच खूप खाल्ले आहेत.

प्रियदर्शनी


अमरावती
५ डिसेंबर २०२५

रागिणी,

सोमवारी संध्याकाळी डोमाजी आत आले. हातात डबा. म्हणाले, “रागिणी म्याडम आल्या होत्या. सोता घिऊन आल्या, बसमंदी मांडीवर ठिवून. म्या म्हन्लं आत या, च्या घ्या. तं म्हने, आता नाही. आन हे म्हने की बर्फ पाहून घ्या, मंगच सही करा.” मी धावत गेटपर्यंत आले. ऑटो निघून गेला होता.

बर्फ पाहिला. दगडासारखा होता. नळीवर तुझ्या अक्षरात नाव, तारीख आणि वेळ.

मी तो नमुना एकटीने चालवला नाही. सरांना शेजारी बसवलं. त्यांनी पिपेट हातात घेऊन किती वर्षं झाली असतील, पण त्यांनी स्वतः नळ्या भरल्या. बुधवारी निकाल आला. कंट्रोल बावन्न हजार. तिन्ही नळ्यांत आजार. हजारात चार. गोळी पुन्हा सुरू करायची आपली रेघ हजारात एकावर आहे. जुलैत तू पाहिलेलं खरं होतं. ती तुझ्या हाताची घाण नव्हती, ते पार्बताबाईंचं रक्त बोलत होतं आणि आम्ही तुझं तोंड बंद केलं.

त्याच दिवशी शेखर डॉक्टरांना फोन केला. बुधवारी संध्याकाळी गोळी सुरू झाली. ते म्हणाले की अजून उशीर झालेला नाही, बाकीच्या तपासण्या ठीक आहेत, तीन महिन्यांत आजार खाली यायला हवा. यायला हवा, एवढंच. आता मी कुणालाही यापेक्षा जास्त सांगत नाही.

सीमा फोनवर म्हणाली की तू तिथे दोन तास बसलीस. तू आईला काय सांगितलंस ते सीमानेच सांगितलं : “मावशी, रोडगे वाया नाही गेले. लोक तुमच्यासाठी जेवले, रिपोर्टासाठी नाही.” आणि मग म्हणे पार्बताबाईंनी स्वतःच बाही वर केली. हे मला का सुचलं नाही? कारण मी तिथे माझी चूक घेऊन गेले होते, त्यांची लाज मला दिसलीच नाही.

इकडचं सांगते. छापलेला निबंध मागे घेण्याचं पत्र काल गेलं, सरांची आणि माझी सही. कारणाच्या जागी ‘तांत्रिक अडचण’ लिहू, असं सर म्हणाले. मी तिथे लिहिलं : स्वीकाराची मर्यादा प्रियदर्शनी हिने बदलली, रागिणी हिने जुलैमध्ये लेखी हरकत घेतली होती, ती बरोबर होती. सरांनी वाचलं आणि सही केली. तुझ्याविरुद्धचं पत्र रद्द करण्यासाठीही मी अर्ज दिला आहे, प्रत सोबत आहे. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण गेलं. वर्षभर तरी मागे पडेन, कदाचित मला या अभ्यासातून काढतीलही. काढलं तर डबा आणायला जाईन. नत्थुजींना सगळं समजावून सांगितलं. त्यांना एवढं वाईट वाटलं की तेच मला म्हणाले, “म्याडम, पयल्या दिवशी सांगतलं असतं तं पंख्याखाली ठेवला असता न मी.”

तू विचारलं नाहीस, तरी सांगते की मी ते का केलं. घाई होती हे खरं, सप्टेंबरमध्ये प्रबंध द्यायचा होता हेही खरं. पण मुख्य कारण तू होतीस. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तुझी नळी कधी चुकत नाही. तू ‘बाद’ म्हणालीस की मला वाटायचं, मलाच बाद म्हणते आहे. एक आकडा बदलून मी तुझ्यावर जिंकले. सहा माणसं मधे आली, त्यांच्याकडे मी पाहिलंच नाही. हे मी घरीही कुणाला सांगितलेलं नाही.

पार्बताबाईंच्या निकालाचे सगळे कागद सोबत आहेत, यंत्रातून आले तसेच, एकही गाळलेला नाही. त्यांवरून मी भरलेल्या तक्त्याखाली दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे, त्यासाठी तुझी वाट पाहायची नव्हती. पण अभ्यासाच्या दप्तरात हा निकाल तुझ्या सहीशिवाय जाऊ नये असं मला वाटतं. नमुना तू आणलास, सरांचीही त्याला मान्यता आहे. माझा शब्द धरू नकोस. आकडे बघ.

प्रियदर्शनी


अकोला
११ डिसेंबर २०२५

प्रियदर्शनी,

कागद मिळाले. सही केली नाही.

तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीचे आकडे अदलाबदल झाले आहेत. सरासरी तीच येते म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. मला फरक पडतो.

काल पार्बताबाईंना फोन केला. मळमळतं म्हणाल्या. जेवल्यावर घ्या म्हटलं. “घेतो वो माय, तू आता रोज इचारशीन का?” म्हणाल्या. हो म्हटलं.

रोडग्याचं लिहिलंस ते बरोबर आहे. मीही वाढून घेतलं होतं.

तुझ्या बाकीच्या लिहिण्यावर मला आत्ता काही बोलायचं नाही. राग आहे आणि राहील.

तिसरी ओळ दुरुस्त कर. छापून पाठवू नकोस, शनिवारी माझी दुपारची बॅच नाही, मीच येते आणि यंत्रावर पाहते. आकडे बरोबर निघाले तर सही करीन. नाही निघाले तर पुन्हा करू.

रागिणी